संध्याकाळी बघितलेली जीप

मी एक जुनी डिझेल जीप बोलतेय. बोलतेय कसली, वैतागून सांगतेय. इतक्या वर्षांत मला शेकडो माणसांनी हात लावला. कुणी दारं आपटून बघितली, कुणी टायरला लाथ मारली, कुणी माझ्या आरशात भांग पाडला. पण माझं नेमकं काय बिघडलंय ते बघावं, असं कुणाला सुचलं नाही. जुनी गाडी घ्यायला येणाऱ्या माणसाला गाडी सोडून बाकी सगळं दिसतं, असं माझं आता ठाम मत झालंय.

माझा जन्म पंच्याऐंशी सालचा. पहिले मालक दौंडचे एक ठेकेदार होते. माणूस तापट, पण माझी काळजी घ्यायचा. तेल वेळेवर बदलायचा, रविवारी आंघोळ घालायचा आणि ड्रायव्हरनं मला उगाच पळवलं तर त्याला शिव्या घालायचा. त्या शिव्या ऐकून मला बरं वाटायचं. पुढे त्यांना नव्या मोटारीचा मोह झाला आणि त्यांनी मला इंदापूरच्या एका वडापवाल्याला देऊन टाकलं.

वडाप म्हणजे काय, तर एस.टी. यायच्या आधी स्टँडबाहेर उभं राहायचं, 'चला बारामती, बारामती' म्हणून ओरडत माणसं भरायची आणि जागा संपली तरी भरतच राहायचं. आत माणसांच्या मांड्यांवर माणसं. मागे लटकलेली माणसं. टपावर कांद्याची पोती. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला आणखी एक जण अर्धा बाहेर, अर्धा आत. आणि इतकं करून प्रत्येक जण मलाच नावं ठेवायचा, 'काय ही गाडी, पळतच न्हाय.' अरे बाबांनो, खाली उतरा, मग बघा पळते की नाही.

अशी पाच-सहा वर्षं ओढल्यावर माझं इंजिन आतून झिजलं. त्या झिजण्याची एक तऱ्हा आहे. एकदा गरम झाले की मी अगदी ठणठणीत. चावी अर्धी फिरवली तरी सुरू. पण रात्रभर गारठ्यात उभी राहिले की सकाळी माझ्यानं उठवत नाही. नुसती घुरघुरते, पांढरा धूर सोडते आणि गप्प बसते. एवढी साधी गोष्ट आहे ही. कुणी पहाटे येऊन एकदा चावी फिरवली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

वडापवाल्याकडून मला बारामतीच्या नागेशनं उचललं. हा जुन्या गाड्यांचा दलाल. त्यानं मला पांढराशुभ्र रंग दिला, सीटला फुलाफुलांची कव्हरं घातली आणि रोज दुपारपासून मला गावभर फिरवायला सुरुवात केली. भाजी आणायला जीप, दाढी करायला जीप, चार घरं पलीकडच्या मित्राकडे जायलाही जीप. मला आधी वाटलं, हौस असेल. मग लक्षात आलं, गिऱ्हाईक आलं की मी गरम सापडायला हवी. आणि सकाळी कुणी यायचं म्हटलं की हा ठरलेलं उत्तर द्यायचा, "सकाळी गाडी भाड्यानं गेलेली असती. सांच्याला या."

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात भीमाआबा आले.

आबांची वस्ती पिंपळीच्या बरीच पुढे, इंदापूर रस्ता सोडून आत माळावर. घराणं मेंढपाळांचं. वाडवडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आबांनी थोडा ऊस लावला होता, थोडी मेंढरं ठेवली होती. धाकटा भाऊ जोतीराम दुधाचे कॅन डेअरीला घालायचा. आबांची ख्याती मात्र एकाच गोष्टीसाठी होती. जनावर पारखावं तर भीमाआबांनी. बाजारात मेंढा घ्यायचा तर लोक त्यांना बोलावून न्यायचे. आपण निवडलेलं जनावर आजवर वाया गेलं नाही, हे आबा स्वतःही अधूनमधून सांगत असत, कुणी विचारलं नसलं तरी.

त्यांची धाकटी मुलगी भागू. आजीचं नाव ठेवलेली. दहावीला चांगले मार्क पडलेले आणि तिला सायन्सला जायचं होतं. बारामतीचं कॉलेज सकाळी सव्वासातला भरायचं आणि वस्तीच्या फाट्यावर पहिली एस.टी. यायची आठनंतर. जोतीरामनं तोड काढली होती की एक जुनी जीप घेऊ, दूधही जाईल आणि भागूही जाईल. आबा राजी झाले, पण त्यांनी एक अट घातली. ती अट ते नागेशच्या दारात, माझ्यासमोरच, पुन्हा एकदा बोलले.

"जोतीराम, आत्ताच सांगतो. गाडी ज्या दिवशी अडंल, त्या दिवसापास्नं पोरीचं कालेज बंद. मग मी सोयरीक बघनार. रस्त्यात गाडी ढकलत बसल्याली लेक मला न्हाय बघायची."

भागू मागे उभी होती. ती अट नीट ऐकत होती. मला मात्र घाम फुटला. म्हणजे सकाळी न उठणाऱ्या जीपवर या पोरीचं कॉलेज अडकवणार होते. शोधून शोधून आलात कुठे, तर माझ्याकडे!

आबांनी मला जनावरासारखं पारखलं. बॉनेटवरून तळहात फिरवला. चाकं चाचपली. बॉनेट उघडून आत असे बघू लागले की बहुधा दात मोजत असावेत. मग विचारलं, "दिवसभर चाललीया का ही?"

"दिवसभर, आबा. आत्ताच आलीया," नागेश म्हणाला. हे मात्र खरं होतं.

"मग लाव चालू."

मी एका फटक्यात सुरू झाले. इलाज नव्हता, गरम होते. आबांची मान डोलली. ते जोतीरामला समजावू लागले. सकाळी सगळीच मेंढरं ताजी दिसतात. रातभर रवंथ करून, पोट भरून उभी असतात. जनावर बघायचं ते संध्याकाळी, दिवसभर चरून, चालून परत येताना. थकल्यावर जे ताठ चालतं तेच खरं. मेंढराच्या बाबतीत हे सोळा आणे बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी मेंढरू नव्हते! हे त्यांना कोण सांगणार?

दुसरी एक जीप इंदापूरकडच्या कळंबला होती. दत्तोबा नावाच्या एका शेतकऱ्याची. आबा म्हणाले, दोन्ही शेजारी उभ्या करून बघू. म्हणून नागेश मलाच घेऊन कळंबला निघाला आणि सगळे माझ्यातच बसले. म्हणजे पोचेपर्यंत मी आणखी तापले.

दत्तोबाची जीप हिरवी होती. रंग उडालेला, एका दिव्याची काच तडकलेली, सीटवर गोणपाट. दत्तोबा ती फारशी बाहेर काढत नसे, त्यामुळे दिवसभर लिंबाखाली उभी होती. मी तिच्याशेजारी थांबले आणि मला कळून चुकलं, ही बाई आतून धडधाकट आहे. आम्हा गाड्यांना ते कळतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघावं असं माझ्यात होतंच काय, फुलाफुलांची कव्हरं?

दत्तोबानं चावी फिरवली. बिचारी थंड पडलेली, एकदा घुरघुरली, दुसऱ्यांदा घुरघुरली, थोडा काळा धूर सोडला आणि मग सुरू झाली. झाल्यावर मात्र तिचा आवाज असा सरळ, की मला ओशाळायला झालं.

"हिरवी घेऊ, दादा," जोतीराम म्हणाला. "आवाज ऐक की."

"आवाज काय ऐकतोस? बारामतीपास्नं चालून आलेली एका हाकेत उठली. आन् ही दिवसभर सावलीत बसून कुरकुरती."

दत्तोबा कमी बोलणारा माणूस. त्यानं एवढंच सांगितलं, "भीमराव, दोनी गाड्या सकाळी बघा. गार असताना. मग ठरवा."

किती सोन्यासारखा सल्ला! मला वाटलं, सुटले बुवा. पण आबांनी जोतीरामला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "ऐकलंस का? सकाळी या म्हनतोय. म्हंजी रातभर चारा घालून, पानी पाजून फुगवून दावनार. बाजारात अशी लई बघितल्यात." खरं बोलणारा एकच माणूस तिथं होता आणि तोच लबाड ठरला. नागेश मान खाली घालून हसत होता. मला हॉर्न असूनही मी काही बोलू शकले नाही.

मला घेतलं. वस्तीवर आणलं, हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सोपान नावाचा शेजारी बघायला आला तर आबा म्हणाले, "दोन बघितल्या. ही निवडली. एका हाकेत उठती." सोपाननं ते वस्तीभर सांगितलं.

उन्हाळ्यात नि पावसाळ्यात मी कशीबशी तग धरून होते. कुरकुरत का होईना, उठायचे. पण दिवाळी सरली, गारठा पडला आणि एका सकाळी मी हूं की चूं केलं नाही. भागू दोन वेण्या घालून, दप्तर छातीशी धरून उभी. दुधाचे कॅन भरलेले. जोतीराम चावी फिरवतोय आणि मी नुसती घरघर. पाचव्या-सहाव्या वेळी तो खाली उतरला आणि म्हणाला, "दादा, नागेशनं फसवलं. ही परत करू."

मला वाटलं, संपलं. आता आबा अट आठवणार. पण आबांनी आधी सोपानच्या घराकडे बघितलं. तिकडे अजून दार लागलेलं होतं. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "गप. बोंबलू नको. परत केली म्हंजी लोक काय म्हनतील?"

तेव्हा मला त्यांची अडचण समजली. कॉलेज बंद करायचं तर गाडी अडली हे चारचौघांत सांगावं लागणार. आणि गाडी अडली म्हटलं की भीमाआबांची पारख चुकली. जन्मात न चुकलेला माणूस, तो कसा सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला हसावं की रडावं कळेना.

कुशाबाई, म्हणजे भागूची आई, चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि तिनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"अवं, ही गारठलीया. पावसात जन्मलेलं कोकरू असंच निपचित पडतंय. ऊब द्या तिला."

तिनं पातेलंभर पाणी तापवून आणलं. जोतीरामनं ते माझ्या रेडिएटरमध्ये ओतलं. मग घरामागच्या उतारावरून आबा, कुशाबाई आणि भागू तिघांनी मला ढकललं आणि मी खोकत खोकत सुरू झाले. भागू पळत येऊन चढली. सोपान दार उघडून तोंड धुवायला बाहेर आला तेव्हा मी फाट्याकडे वळत होते. "बघ," आबा त्याला म्हणाले, "एका हाकेत."

त्या दिवसापासून थंडीभर हेच. संध्याकाळी मला घरामागे, उताराच्या तोंडाशी उभी करायची. आबा स्वतःची घोंगडी आणून बॉनेटवर टाकायचे, कडा नीट खोचायचे. ती लोकरीची घोंगडी जड होती आणि तिला मेंढरांचा वास होता. खरं सांगते, मला ती फार आवडायची. ठेकेदारानंतर माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. कोंबडं आरवायच्या आत कुशाबाईचं पाणी तयार. आबा मागून खांदा लावायचे. भागू ओढणी कमरेला बांधून माझ्या डाव्या बाजूनं ढकलायची. कॉलेजात तिच्या हाताला डिझेलचा वास यायचा, हे ती एकदा काकाला सांगत होती, हसत होती.

आणि दिवसा आबा लोकांना सांगत सुटायचे, "आमची गाडी? नाव न्हाय ठिवायचं." लोक मग माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं! जोतीराम म्हणायचा, "दादा, इंजिनाचं काम करून घेऊ." आबा म्हणायचे, "मेस्त्रीकडं नेली तर गावभर व्हईल." म्हणजे दुखणं बरं करायचं नाही, कारण डॉक्टरला कळेल. यापुढे कपाळाला हात लावायचा तर मला हात नाहीत.

अशा दोन थंड्या गेल्या. भागू बारावीला आली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सकाळी आठला हजर राहायचं, बाहेरगावचे परीक्षक येणार, आणि ती चुकली की वर्ष गेलं. आदल्या दिवशी संध्याकाळी उसाची एक ट्रॉली घरामागच्या वाटेत चाक निखळून बसली. ऊस तिथेच सांडला. मला उतारापर्यंत नेता येईना. नाइलाजानं जोतीरामनं मला घरापुढच्या सपाट, भुसभुशीत जागेत उभं केलं, अगदी वस्तीच्या मधोमध. आबांनी घोंगडी घातली. वर आणखी एक घोंगडी घातली.

त्या रात्री थंडी परत फिरून आली होती. सकाळी एक पातेलं झालं, दुसरं झालं. मी ढिम्म. बॅटरी बसत आली. जोतीराम स्टिअरिंगवर, मागे आबा, कुशाबाई आणि भागू. ढकलतायत, चाकं मातीत रुततायत, हातभर सरकले की परत मागे. मी आतून इतकी धडपडत होते, पण इंजिन म्हणजे काय मनावर थोडंच चालतं? तोवर फटफटलं. समोर रस्त्याकडेला ऊसतोडीची माणसं शेकोटी करून बसली होती. सोपानही तिथेच होता. सगळे इकडे बघायला लागले.

भागूनं माझ्यावरचा हात काढला. तिच्या ओढणीला चिखल लागला होता. ती आबांकडे वळून म्हणाली, "आबा, आज अडली."

तिला अट पाठ होती. ती रडली नाही, की गयावया केली नाही. नुसतं सांगितलं. आबा फेटा काढून तोंड पुसत उभे राहिले. त्यांच्यासमोर सोपी वाट होती. 'अडली' एवढं म्हणायचं आणि घरात जायचं. सपाटीवर रुतली, त्यात पारख कुठं आली, असं लोकांना सांगता आलं असतं. पारखही राहिली असती आणि शब्दही राहिला असता. मला वाटलं, आता तेच करणार. इतक्या माणसांचं इतकं बघितल्यावर मी दुसरं काय समजणार?

आबा रस्त्याकडे चालत गेले आणि शेकोटीपाशी उभे राहिले.

"या रं सगळे," ते म्हणाले. "माझी गाडी सकाळची उठत न्हाय. हात लावा."

माणसं उठली. सोपान उठता उठता म्हणाला, "आबा, तुमी तर म्हनत हुता एका हाकेत उठती."

"खोटं म्हनत हुतो. दोन वरसं खोटं म्हनतोय. कळंबची हिरवी चांगली हुती, मला कळली न्हाय. चल आता, पोरीची परीक्षा हाय."

एवढी माणसं मला वडापमध्येही कधी चिकटली नव्हती. बाया कोयते खाली ठेवून आल्या. आबा मधोमध, माझ्या पाठीला खांदा लावून. "हाऽऽ" असा एकच आवाज झाला, मी मातीतून उचलल्यासारखी निघाले, आणि रस्त्याला लागता लागता माझ्या पोटात काहीतरी पेटलं. सगळा पांढरा धूर आबांच्या अंगावर गेला. भागू पळत आली. तिला वर ओढायला चार हात पुढे झाले.

त्या दिवशी मी बारामतीपर्यंत अशी पळाले, की जोतीराम दोनदा म्हणाला, "आगं हळू." परीक्षक हजेरी घेत असताना भागू आत गेली.

संध्याकाळी परत आलो. आबा अंगणात बसले होते. फेटा धुऊन वाळत टाकला होता, पण धुराचा डाग गेला नव्हता. भागू खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली. गाडी अडली होती, सगळ्या वस्तीनं बघितलं होतं, आणि अट अजून कुणी मागे घेतली नव्हती. कुशाबाई दारात आली. जोतीराम उगाचच माझी चाकं बघत राहिला.

आबांनी उठून फेटा उलटा करून वाळत टाकला. मग विचारलं, "दुसऱ्या पेपराला कधी निघायचं?"

"परवा. साडेसहाला."

"मग सहाला हात लावायला ये म्हनून सोपानला सांगून ठिवतो," आबा म्हणाले आणि घोंगडी घेऊन माझ्याकडे आले.

भागू बारावी झाली. आता पुण्याला शिकते, सुट्टीत येते. मी अजून वस्तीवरच आहे, शेवग्याखाली. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालतात आणि फुलाफुलांच्या कव्हरांचं काय झालंय ते विचारू नका. जोतीरामला मला विकून दुसरी गाडी घ्यायची आहे. गिऱ्हाइकं येतातही. दारं आपटतात, टायरला लाथ मारतात. मग आबा बाहेर येतात आणि कुणी विचारायच्या आत सांगून मोकळे होतात की ही सकाळी उठत नाही, इंजिन गेलंय, नागेशनं मला फसवलं, आणि मी फसलो. गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं.

अहो आबा, थोडं तरी झाकून ठेवा! पण नाही. एकेकाळी खोट्यानं वैताग आणला, आता खऱ्यानं आणलाय. तेव्हा तुम्हाला जुनी जीप घ्यायची असेल तर घ्या, पण माझ्याकडे येऊ नका. आणि जिथे जाल तिथे सकाळी जा. मी इथंच ठीक आहे. थंडी पडली की आबा अजून घोंगडी आणून घालतात, कुठं जायचं नसलं तरी. मला हल्ली संशय येतो, त्यांना मला विकायचंच नाही.